सोळा गोणी

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१८ जानेवारी २०२५

प्रिय विशू,

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनने पाकिटावरचा पत्ता दोनदा वाचला आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, की जणू कुठे ताम्रपट सापडलाय आणि तो वाचायला मला बोलावलंय. दहावीत तू माझ्याकडून संस्कृतचा निबंध लिहून नेला होतास, त्यानंतर तुझ्या हातचं शाईतलं काही मी पाहिलेलं नाही. अक्षर तेच आहे. चिखलातून कोंबडी घाईने गेल्यासारखं. ऱ्हस्व-दीर्घाला तर तू कायमची रजा मंजूर केलेली दिसते.

कंपनीच्या वकिलाने बजावलं की फोनवर काही बोलू नका, व्हॉट्सॲपवर एक अक्षर टाकू नका. म्हणून तू गुजरातेतल्या त्या गेस्ट हाऊसवर बसून मावसबहिणीला टपालाने लिहितोयस. मोठ्यांचं सांगणं इतकं काटेकोर पाळणारा आपल्या घरात तू पहिलाच. माई आजी असती तर तिने दृष्ट काढली असती.

बरं, थट्टा पुरे. नऊ तारखेला संध्याकाळी तुझ्या प्लांटमध्ये रिॲक्टरचं झाकण उडालं, कोन गावचा काशिराम कमरेपासून वर भाजला, दयारामचे दोन्ही डोळे गेले, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीने तुला, म्हणजे प्रॉडक्शनच्या मुख्याला, उचलून तिकडे नेऊन ठेवलं. इतकं पेपरातही आलं. तुझ्या पत्रात त्यापेक्षा एकच वाक्य जास्त आहे: 'काशिरामच्या हातून चूक झाली.'

हे वाक्य मला गिळवत नाही, विशू. काशिरामला तुझ्याकडे मीच चिकटवला. त्याची मुलगी आठवीत माझ्याकडे होती. गॅदरिंगचा मंडप बांधायला तो आला, आणि त्याने बांधलेली एक गाठ माझ्या तीन शिपायांना मिळून सुटेना. तेव्हा मी तुला फोन केला, की माणूस नीट आहे, घे. अकरा वर्षं झाली. दूध गॅसवर ठेवून विसरणारी मी. तो विसरणाऱ्यांतला नाही.

तेव्हा नक्की काय झालं ते मला समजेल असं सांग. विज्ञान मी नववीत सोडलं आणि त्यानेही मला आनंदाने सोडलं. तिथपासून सुरुवात कर.

तुझी
सुमाताई

*

गेस्ट हाऊस
२२ जानेवारी

ताई, नमस्कार.

तुझे टोमणे वाचून बरं वाटलं. इथे माझ्याशी कुणी धड बोलत नाही. सगळे 'सर, जेवलात का' एवढंच विचारतात.

सांगतो. पंगतीचं उदाहरण घे. एका माणसाला एक पत्रावळ आणि दोन द्रोण लागतात. तुझ्याकडे शंभर पत्रावळी आणि दीडशे द्रोण आहेत. किती जेवतील? पंचाहत्तर. द्रोण संख्येने जास्त, तरी तेच आधी संपले. जे आधी संपतं आणि पंगत थांबवतं त्याला आम्ही लिमिटिंग रिॲक्टंट म्हणतो. ज्या पंचवीस पत्रावळी उरल्या त्या एक्सेस. कोण कमी आणि कोण जास्त हे नुसत्या आकड्यावरून किंवा वजनावरून ठरत नाही. एका पानाला कोण किती लागतं, त्यावर ठरतं.

आमच्या पंगतीत दोघंच. एक पावडर आणि एक ऑक्सिक्लोराइड नावाचा द्रव. एकास एक लागतात. पण हे 'एक' किलोत नाही, मोलमध्ये. मोल म्हणजे डझनासारखं माप समज, फक्त फार मोठं. पावडरचे हजार मोल म्हणजे दोनशे किलो, द्रवाचे हजार मोल म्हणजे एकशे त्रेपन्न किलो. एका बॅचला आम्ही सोळा गोणी पावडर घेतो, एकूण चारशे किलो. म्हणजे दोन हजार मोल. द्रव घेतो तीनशे सदतीस किलो, म्हणजे दोन हजार दोनशे मोल. तो मुद्दाम दहा टक्के जास्त ठेवतो, कारण पावडर महाग आहे, तिचा कण उरता कामा नये. शेवटी दोनशे मोल द्रव उरतो, एकतीस किलो. त्याला मारायला पाणी सोडतो, थेंब थेंब. त्या द्रवाचं आणि पाण्याचं हाडवैर आहे. भयंकर उष्णता, आम्लाचा धूर. पण एकतीस किलोचं वैर आमचं कूलिंग सांभाळतं.

नऊ तारखेला सांभाळलं नाही. नंतर कंपनीच्या तज्ज्ञाने हिशेब काढला. पाणी सोडलं तेव्हा आत नव्वद किलोच्या वर द्रव होता. तिप्पट. आता हा साठ किलो जास्तीचा द्रव आला कुठून? कुणीतरी टाकला म्हणूनच. द्रव चढवायचं काम काशिरामचं. त्याने एकदा चढवलेला परत चढवला. वजनं लिहायची वही आम्लात गेली, नाहीतर तिथेच दिसलं असतं.

आता काम सांगतो. पहिल्या दिवशी पोलिसांनी जबाब घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा तो शुद्धीत नव्हता. आता बोलतो म्हणे. कंपनीच्या माणसांना तो बघायलाही तयार नाही, पण तुझं ऐकेल. तू जा. त्याच्याकडून काय झालं ते विचारून घे आणि स्वच्छ शब्दांत लिहून त्याचा अंगठा घे. त्याला त्रास व्हावा म्हणून नाही गं. चूक कुणाची ते एकदा कागदावर आलं की इन्क्वायरी मिटेल आणि मग मी त्याच्यासाठी काहीतरी करू शकेन. मी अडकलो तर कुणाचंच भलं नाही. माझ्या पोरीचं, रुचिराचं, लग्न वैशाखात आहे. तिच्या सासरचे पेपर वाचतात.

तुझा
विशू

*

खांदा कॉलनी
२७ जानेवारी

प्रिय विशू,

तुझी पंगत समजली. इतकं सोपं शिकवता येत असून तू आयुष्यभर झाकणं उघडत-मिटत बसलास, ही शिक्षण खात्याची हानी आहे.

काल झेंडावंदन उरकून तशीच इस्पितळात गेले. पांढरी साडी, खांद्याला तिरंगी बिल्ला. वॉर्डातल्या सिस्टरला वाटलं मंत्र्यांकडून कुणी आलंय, त्यामुळे आत सोडलं. गोदू, काशिरामची बायको, बाहेर बाकावर बसली होती. ती माझ्या पायाशी वाकायला लागली. मी म्हटलं, "अगं, मी शाळेतली, देवळातली नव्हे."

काशिराम जाळीखाली आहे. चेहऱ्याचं मी लिहीत नाही. आवाज मात्र त्याचाच आहे. मला बघून म्हणाला, "बाय, पोरीचा वर्ग चुकला काय?" त्याला वाटलं मुलीची तक्रार घेऊन आले. ती पोर आता नर्सिंगला आहे; काळ त्याच्या डोक्यात थोडा सरकलाय.

मी विचारलं, द्रव किती चढवलास. "कागदावर व्हता तेवडाच." पुन्हा विचारलं. तेच. मग मी तू शिकवलंस तसं त्याला शिकवलं. म्हटलं, "काशिराम, भांड्यात तिप्पट निघाला. आपोआप कसा होईल? एकदा चढवलास, मध्ये चहाला गेलास, परत आलास आणि पुन्हा चढवलास, असं झालं असेल. आठवून बघ. माणसाच्या हातून होतं." तो छताकडे बघत राहिला. म्हणाला, "चाला गेलतू, हा." म्हटलं, "बघ, गेला होतास ना?" म्हणाला, "पन येकदाच चढवला बाय." मी म्हटलं, "तुला खात्री आहे? देवाची शपथ घेऊन?" सिस्टर येऊन सलाईन बदलून गेली. मग म्हणाला, "तू बोलतंस तर असंल. तू खोटं कशाला बोलशील."

तुला सांगते, चाळीस वर्गांना शिकवलं पण इतका आज्ञाधारक विद्यार्थी मिळाला नाही.

मध्ये मध्ये तो भरकटत होता. दोनदा म्हणाला, "गोनी हलकी लागत व्हती." ते मी गाळलं. प्रश्न द्रवाचा आणि हा गोणीचं सांगतोय. तापात माणूस काहीही बोलतो. बयान अकरा ओळींचं झालं, एकही शब्द फालतू नाही. वाचून दाखवलं. 'माझ्या अनवधानाने' म्हणजे काय, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. "बरा हाय शब्द," म्हणाला.

अंगठ्यांना कातडी नव्हती. सिस्टर म्हणाली, अशा वेळी पायाचा घेतात. पायाच्या अंगठ्याला शाई मी लावली. नंतर ती मीच पुसली, आणि तो हसला, गुदगुल्या झाल्या म्हणून.

कागद स्पीड पोस्टाने सोबत. आता त्या माणसासाठी काय करणार आहेस ते लवकर कर.

सुमाताई

*

गेस्ट हाऊस
३ फेब्रुवारी

ताई,

तुला कळलंच असेल. ३० तारखेला पहाटे काशिराम गेला. वाईट झालं. पण डॉक्टर पहिल्यापासून म्हणत होते की इतकं भाजल्यावर आशा ठेवू नका. सुटला म्हणायचं.

तुझ्या कागदाने केवढं काम केलं तुला कल्पना नाही. कंपनीच्या चौकशी समितीपुढे वाचला गेला. समितीतले एक साहेब म्हणाले, आजवर शंभर बयानं वाचली पण इतकं मुद्देसूद बघितलं नाही, हे लिहिलं कुणी? मी अभिमानाने सांगितलं, आमच्या ताईने, संस्कृतच्या आहेत. त्यांनी 'अनवधान' शब्द वहीत उतरवून घेतला.

निकाल असा की कामगाराची वैयक्तिक चूक. प्लांट सोमवारपासून सुरू. मी या महिनाअखेरीस पनवेलला परत येतोय. गेटवर नोटीस लावली आहे, बयानाची प्रतही लावली आहे, म्हणजे बाकीचे काम करताना लक्ष ठेवतील. सेफ्टी ट्रेनिंगलाही तेच वापरणार आहेत.

चूक त्याची ठरल्यामुळे गोदूला कंपनीकडून फार काही निघणार नाही असं वकील म्हणतो, पण मी माझ्याकडून भांडी किंवा शिलाई मशीन असं काहीतरी देईन. तू सांग काय बरं दिसेल.

आणि हो, मागचं ते हिशेबाचं पत्र फाडून टाक. घाईत लिहिलं होतं, आकडे इकडचे तिकडे झाले असतील.

तुझी भावजय मिताली म्हणते, लग्नात मंगलाष्टकं तूच रचायचीस. रुचिराचा हट्ट आहे. छोटी रच, जावई मुंबईचे आहेत.

तुझा
विशू

*

खांदा कॉलनी
१३ फेब्रुवारी

प्रिय विशू,

अभिनंदन. माझं लेखन अखेर भिंतीवर लागलं.

मंगळवारी काशिरामचं तेरावं होतं. शाळेतून रजा टाकून कोनला गेले. ते घर एक्सप्रेसवेच्या इतकं कडेला आहे, की मंत्र मध्येच थांबवून ट्रक जाऊ द्यावा लागतो. साठ माणसांचा स्वयंपाक होता. जेवायला अकरा आली, त्यांतली चार गोदूच्या माहेरची. मी आधी म्हटलं, उशीर झाला असेल लोकांना. तीन वाजले, तेव्हा गोदूच म्हणाली, "नाय येनार बाय कोन. गेटवरचा कागद सगल्यांनी वाचलाय. दयारामचं डोलं आमच्या मानसानी खाल्लं, आमच्या घरात कोन जेवंल?"

दयारामचं घर तिसऱ्या दारात. रोज सकाळी गोदू तिथे जाते. भांडी घासते, पाणी भरते, दयारामला हाताला धरून मागच्या दारी नेऊन आणते. दयारामची बायको तिला हे सगळं करू देते. बोलत नाही. घासलेल्या भांड्यांतलं एखादं पुन्हा मातीत टाकते, की गोदू ते पुन्हा घासते. मी डोळ्यांनी पाहिलं. मी म्हटलं, "गोदू, हे कशाला?" म्हणाली, "त्यानी सांगितलाय जाताना. दयारामच्या घरी जा, बोलला."

कुणी हात न उचलता त्याच्या बायकोला आळी अशी मारते, आणि शस्त्र अकरा ओळींचं. असो.

तू विचारलंस काय द्यावं. शिलाई मशीन नको. तिच्याकडे बसायलाही नीट नाही. तुमच्याकडच्या रिकाम्या गोण्या धुऊन, उसवून, शिवून तिने बसकर केलंय. पावडरच्या गोण्या कामगार घरी नेतात, हे तुला माहीत असेलच. दहा-अकरा जुन्या, मळलेल्या. आणि पडवीत दोरीवर कोऱ्या करकरीत सोळा. गोदू म्हणाली, नऊ तारखेलाच दुपारी पहिल्या पाळीच्या माणसाबरोबर काशिरामने त्या घरी धाडल्या, पाठोपाठ स्वतः यायचा होता. त्या सोळाही मोजल्या मी. मास्तरणीची खोड.

बसकरावर जेवताना वाचायला काही नसलं की मी पात्राखालचंही वाचते. बसकराच्या गोणीवर छापलंय, 'निव्वळ वजन २५ किलो'. दोरीवरच्यांवर छापलंय, '२० किलो'. कंपनीचं नावही वेगळं.

तुझ्या पत्रात सोळा गोणी म्हणजे चारशे किलो. पत्र मी फाडलं नाही. माझ्याकडे आलेलं जुनं हस्तलिखित मी फाडत नसते. तेव्हा मला एकच सांग. नऊ तारखेला भांड्यात गेली ती गोणी कितीची होती?

मंगलाष्टकांची घाई नाही ना?

सुमाताई

*

गेस्ट हाऊस
१८ फेब्रुवारी

ताई,

तू आता शिकवण्या सोडून गुप्तहेरी सुरू केलीस का? हे तुझं काम नाही. एका बाईच्या पडवीतल्या गोण्यांवरून तू मला प्रश्न विचारतेस?

ऐक. जानेवारीत सप्लायर बदलला, हे खरं. नवा माल वीसच्या गोणीत येतो, हेही खरं. बॅच शीटवर पहिल्यापासून 'सोळा गोणी' असंच लिहितो आम्ही, किलो कुणी लिहीत नाही, कारण शॉप फ्लोअरवर किलो कुणाला कळत नाहीत, गोणी कळते. शीट बदलायची राहिली असेल. हजार कामं असतात. पण म्हणून मी दोषी? दोन्ही गोण्या शेजारी ठेव, दिसायला सारख्याच. डोळ्यांना फरक दिसत नाही. उचलणाऱ्याला कळायला पाहिजे ना! त्या दिवशी तो काहीतरी बोलला गोणीबद्दल, मी दुसऱ्या युनिटच्या साहेबांबरोबर होतो. मी म्हटलं, कागदावर सोळा आहे तर सोळा टाक, डोकं चालवू नको. यात गैर काय? प्रत्येकजण डोकं चालवायला लागला तर प्लांट कसा चालेल?

आणि पावडर कमी पडली म्हणून काय होतं? माल कमी निघेल, इतकंच. स्फोट द्रवाने झाला.

एक लक्षात ठेव. बयान तू लिहिलंस. अक्षर तुझं. 'चहाला गेला होतास ना' हे तू त्याच्या तोंडात घातलंस, तुझ्याच पत्रात लिहिलंयस, आणि ते पत्र माझ्याकडे आहे. मी बुडालो तर तू काठावर बसून पदर पिळशील असं वाटतं का? शाळेत तोंड दाखवता येईल?

रागाने लिहिलं. सोडून दे. तो गेला, आता त्याला काय फरक पडतो? वैशाख झाला की आपण दोघं मिळून गोदूचं काहीतरी बघू.

विशू

*

खांदा कॉलनी
२५ फेब्रुवारी

विश्वजीत,

तू म्हणतोस पावडर कमी पडली तर फक्त माल कमी निघतो. तुझ्यासारख्याने असं म्हणावं! मी नववीत विज्ञान सोडलेली बाई, तरी रविवारी सकाळी वहीच्या एका पानात मला ते जमलं. तपासून दे.

सोळा गोणी, वीस-वीसच्या. तीनशे वीस किलो. तुझ्या मापाने सोळाशे मोल. द्रव काशिरामने कागदावर होता तेवढाच चढवला, दोन हजार दोनशे मोल. एकास एक. पावडर संपली, द्रव उरला सहाशे मोल. सहाशे मोलचे ब्याण्णव किलो. तुमच्या तज्ज्ञाला सापडला तो हाच. थेंबभरही जास्त कुणी चढवला नव्हता. गोणी एक-पंचमांशाने हलकी झाली आणि उरलेला द्रव तिप्पट झाला. द्रव वाढला नव्हता. त्याला खाणारी पावडर घटली होती.

न्यायशास्त्रातलं एक उदाहरण मी दरवर्षी अकरावीला शिकवते. नदीचं पाणी चढलेलं दिसलं की वर पाऊस झाला असं अनुमान करू नये, कारण खाली कुणी बांध घातला तरी पाणी चढतं. एकोणतीस वर्षं शिकवलं. पोरं पाठ करतात, दोन गुण मिळवतात. इस्पितळात मी मरणाऱ्या माणसाला विचारलं, 'आपोआप कसा होईल?' आणि त्याने बांध दाखवला तेव्हा मी तो गाळला, वाक्य आटोपशीर व्हावं म्हणून.

तुझ्या धमकीचं उत्तर: माझी पत्रं तुझ्याकडे आहेत, म्हणून मीच आठवून त्यांतला मजकूर लिहून काढला, 'चहाला गेला होतास ना' सकट. ते पान, तुझी चारही पत्रं आणि सोळा गोण्या काल कारखान्यांच्या तपासणी कार्यालयात दिल्या. तिथल्या कारकुनाने गोण्या घ्यायला नकार दिला, म्हणाला, फायलीत बसणार नाहीत. मी बाकावर बसून राहिले. चार वाजता साहेब बाहेर आले आणि त्यांनी त्या मोजून घेतल्या. पोच माझ्याकडे आहे. तुझ्याकडची माझी पत्रं तूही नेऊन दे. माझा वाटा माझ्या अक्षरात गेलेला बरा. लग्नाची पत्रिका अजून छापली नसेल तर माझं नाव घालू नकोस. रुचिराला मी वेगळं लिहिते. तिचा यात काही दोष नाही.

शाळेत मी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही तर फक्त लिहून दिलंत." मीही आठवडाभर स्वतःला हेच सांगत होते.

कार्यालयात जाण्याआधी, परवा रविवारी दुपारी, मी गोदूला सांगितलं. आधी तिलाच सांगायला हवं होतं. ती दयारामकडून भांडी घासून आली होती, हात ओले. मी सगळं सांगितलं, गोणी कितीची, कागदावर काय होतं, त्याने तुला विचारलं होतं आणि तू काय म्हणालास. आणि इस्पितळात मी काय केलं, तेही. वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला मारेल. दोन्हींची तयारी करून गेले होते.

तिने विचारलं, "म्हंजी त्यानी नीट टाकला व्हता?"

म्हटलं, "हो. अगदी नीट."

"येकदाच?"

"एकदाच."

ती उठली, चुलीवरचं भांडं उतरवलं, परत बसली. म्हणाली, "बाय, तू आलीस त्याच्या आधी तो रोज बोलायचा, गोदू, मी काय केला नाय, तू घाबरू नको. तू गेलीस नि मंग चार दिस निसती माफी मांगत व्हता. माजी मांगली, पोरीची मांगली, दयारामचा नाव घेऊन मांगली. जीव गेला तवा बी त्याच तोंडानी गेला. मी बोललू त्याला, जा, दिली माफी. मी दिली ना बाय. आता ती कशाची दिली मी?"

याचं उत्तर तुला येत असेल तर मला कळवू नकोस, तिला कळव. जमलं तर तिच्या दारात उभा राहून.

शुक्रवारी आम्हा दोघींना जबाबाला बोलावलंय. कोनवरून जायचं, मध्ये गाड्या मिळत नाहीत, म्हणून मी म्हटलं, "मी रिक्षा घेऊन येते, एकत्र जाऊ."

ती म्हणाली, "नको. तू येगली ये."

सुमती